बासिलियोचा पेसमेकर

माझ्या हृदयाच्या पेशी वीज सोडायला विसरल्या, की छातीतला पेसमेकर त्यांना चिमटा काढतो. तो आधी माझ्या मित्राचा, बासिलियोचा होता. बासिलियो वारल्यावर त्याच्या बायकोनं, फेर्मिनानं, तो मला देऊ केला. नवा आमच्या कोचाबांबा शहरात कुणाला परवडतो?

पितरांच्या दिवशी तिनं मला जेवायला बोलावलं. बासिलियोच्या खुर्चीपुढे पाव आणि मक्याची दारू मांडली होती. आमचे पितर दुपारी बाराला येतात.

बाराचे टोल पडले. रिकाम्या खुर्चीकडे कान लावून फेर्मिना रडत रडत हसली. "जिवंतपणी कधी वेळेवर आला नाही मेला! ऐकलेत त्याच्या हृदयाचे ठोके?"

मला ऐकू आले. मी मनगट चाचपलं. नाडी लागेना.

तिनं मायेनं माझ्या ताटात वाढलं. "घाबरू नका, दादा. उद्या बाराला जातो तो."