फोल्डरच्या पोटात

"हे अजून कोणी बघितलंय?" तिनं विचारलं.

"कोणी नाही," ड्राफ्ट्समन म्हणाला. "म्हणजे… साहेबांनी."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या कंपनीत नोकरीसाठी केलेला अर्ज या महाभागानं आपल्या खाजगी फोल्डरमध्ये ठेवला होता. मग गेल्या आठवड्यात आवराआवर म्हणून तो अख्खा फोल्डर उचलून नव्या इमारतीच्या नकाशांमध्ये टाकला होता. ते नकाशे साहेब रोज उघडत. आज त्यांनी अर्ज वाचला आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुकाही लाल करून ठेवल्या.

"पण मी तो कुणाला शेअर केलाच नव्हता, ताई!"

"नकाशांचा फोल्डर साहेबांना दिलाय ना? मग त्याच्या पोटात जे जे टाकशील, ते सगळं त्यांना दिसणार. किती वेळा सांगायचं?"

या ऑफिसात आर्किटेक्ट चार आणि फाइली चाळीस हजार. कोणती कुणाला दिसावी, कुणाला बदलता यावी, हे बघायचं काम तिचं. सकाळी संगणक उघडला की 'परवानगी द्या'च्या वीस-बावीस चिठ्ठ्या वाट बघत असत. ज्यांना परवानगी होती तेही मागत, कारण ते दुसऱ्याच खात्यातून उघडत. कानीकपाळी ओरडून तिचा घसा बसायची वेळ आली होती.

घरीही तेच. नवऱ्याचा दिवसातून दोनदा तरी फोन यायचा, "अगं, उघडत नाहीये." विजेचं बिल उघडत नाही, विम्याची पावती उघडत नाही. शेवटी वैतागून तिनं 'घर' नावाचा एक फोल्डर केला, नवऱ्याला त्याची सगळी परवानगी देऊन टाकली आणि नियम घालून दिला. त्यात जी यादी दिसेल ते त्याचं काम. करायचं, पुढे बरोबरची खूण करायची, फोन करून डोकं खायचं नाही. त्यानं तो नियम शहाण्या मुलासारखा पाळला. फक्त प्रत्येक गोष्टीला उशीर. त्यावरून ती त्याला रोज चार शब्द सुनवायची.

ड्राफ्ट्समन मान खाली घालून गेला. ती पुढची चिठ्ठी उघडायला गेली आणि तिचा हात थांबला. मागच्या महिन्यात तिनंही आवराआवर केली होती. आपला खाजगी फोल्डर तिनं उचलला होता आणि…

'घर'मध्ये टाकला होता.

तीन महिन्यांपूर्वी तिचं नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. कशावरून, ते आता नीट आठवतही नव्हतं. त्या संध्याकाळी ती दार लावून बसली आणि तिनं एक फाइल लिहिली. नाव दिलं, 'घर सोडण्याआधी'. खाली चौदा कामं, ओळीनं. आयुष्यभर याद्याच केलेल्या, संतापातही तिला यादीच सुचली. दुसऱ्या दिवशी राग गेला, आणि फाइल ती साफ विसरली.

आणि आता तर घरात बरं चाललं होतं. महिनाभर नवरा वेगळाच माणूस झाला होता. वर्षभर गळणारा नळ त्यानं न सांगता दुरुस्त करून घेतला. फ्यूजच्या पेटीवर, हत्यारांच्या खणावर कुठे काय आहे ते सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवलं. कपाटातला आपला पसारा इतका कमी केला की तिच्या साड्यांना जागा झाली. परवा तिनं गमतीनं विचारलंही होतं, "काय रे, इतकं गुणाचं वागणं?" त्यावर तो म्हणाला, "तुला त्रास नको." तिला किती दिवसांनी त्याच्याशी गोड बोलावंसं वाटलं होतं.

हे सगळं त्या एका फाइलीपायी जायचं? त्यानं ती वाचली तर त्याला काय वाटेल, या विचारानंच तिला रडू येऊ लागलं. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी आपण, आणि चूक केली ती तीच!

तिनं घाईनं 'घर' उघडलं. होता, तिचा फोल्डर तिथेच होता. पुढे नवऱ्याचं नाव, आणि 'बदल करू शकतात'.

तिनं ते नाव काढून टाकलं. खात्री करायला पान पुन्हा उघडून बघितलं. नाव गेलं होतं.

मग तिनं स्वतःची समजूत घातली. ज्याला विजेचं बिल उघडता येत नाही, तो दोन फोल्डरांच्या आत कशाला शिरतोय? शिवाय वाचलं असतं तर बोलला नसता का? आज तर सकाळपासून त्याचा रागाचासुद्धा फोन नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी लवकर निघायचं, त्याला घेऊन बाहेर जेवायला जायचं, असं तिनं ठरवलं. त्याआधी ती फाइल कायमची पुसायची, म्हणून तिनं ती उघडली.

नळ, फ्यूजची पेटी, हत्यारांचा खण, कपाट… चौदाच्या चौदा ओळींपुढे बरोबरच्या खुणा होत्या.

शेवटच्या ओळीत तिनं लिहिलं होतं, 'सामान घेऊन निघणे, किल्ली शेजारच्या काकूंकडे देणे.' त्याखाली नवऱ्याचं नाव होतं, आजची तारीख होती, सकाळचे दहा चाळीस, आणि त्यानं लिहिलेल्या दोन ओळी.

'दिली किल्ली. यादी मोठी होती म्हणून महिना लागला, उशिराबद्दल रागावू नकोस.'