मुंगसाचा बंदोबस्त

आनंदरावाने पोत्याचं तोंड पिळून धरलं आणि पोतं धुण्याच्या दगडावर आपटलं. आत मुंगूस किंचाळलं. त्याने पुन्हा आपटलं. किंचाळणं थांबलं तरी तो आपटतच राहिला. पोत्यातून रक्त ठिबकायला लागलं, तेव्हा कुठे हात थांबला.

"झाला हिसाब," तो धापा टाकत म्हणाला. "माह्या घरची कोंबडी मारते साला!"

कामावरून तो धुमसतच आला होता. पण आता हातपाय धुऊन शांतपणे खाटेवर टेकला, प्रेमिलाला चहा मागितला आणि समोरून जाणाऱ्या बेबीच्या डोक्यावरून हात फिरवला. बेबी दचकलीच. गेल्या पोळ्याला साहेबाने झापलं म्हणून घरी येऊन त्याने पोरीच्या कानशिलात अशी ठेवून दिली होती, की तेव्हापासून डाव्या कानाने तिला ऐकूच येत नव्हतं. आज मात्र बाप विचारत होता, "अभ्यास केला का वं?"

प्रेमिला चुलीपाशी उभी राहून पाहत होती. चहा उतू गेला.

कोराडीच्या कॉलनीत त्यांच्या क्वार्टरमागे प्रेमिलाने सहा-सात कोंबड्या आणि रंगी नावाचं एक बदक पाळलं होतं. ज्या अंड्यातून रंगी निघाली ते तिने खुडूक कोंबडीखाली उबवलं होतं. पिल्लू पहिल्यांदा पाण्याच्या टाक्यात उतरलं तेव्हा ती कोंबडी काठावर जीव तोडून ओरडली होती आणि बेबी हसून हसून लोळली होती. वीजघराच्या राखेने अख्खी कॉलनी मळकट दिसायची, रंगी तेवढी पांढरीशुभ्र. बेबी तिला रोज चोळून आंघोळ घालायची.

दुसऱ्याच दिवशी आनंदरावाने खुराड्याचा किल्ला केला. मुंगूस उकरून आत येतं म्हणून जाळी हातभर खोल पुरली, वर काचा पेरल्या. दाराला कडी, कडीला तारेचा पीळ. प्रेमिलाने गोणपाटाचा पडदा शिवला आणि दाभण तिथेच फळीच्या फटीत खोचून ठेवलं.

"आता हत्ती आला तरी आत शिरत नाही," आनंदराव म्हणाला.

पंधरवडा बरा गेला. मग एका संध्याकाळी फोरमनने त्याला चार माणसांत आईवरून शिवी दिली. आनंदराव घरी आला तो सायकल भिंतीवर फेकूनच. बेबी खाटेखाली सरकली. इतक्यात मागून प्रेमिलाची हाक आली.

"अजी, इकडे या ना! पाहा काय झालं!"

खुराड्यात तांबडी कोंबडी मरून पडली होती. मानेवर दोन भोकं. अंग अजून गरम होतं.

"आत्ताच गेलं असन," प्रेमिला म्हणाली. "भागीरथाबाईचा बोका बसला होता भिंतीवर."

आनंदरावाने सळाख उचलली. शेजारणीचा म्हातारा बोका, त्याला पळताही येत नव्हतं. पहिल्या घावात कंबर मोडली, दुसऱ्यात डोकं फुटलं. भागीरथाबाई दारात छाती पिटत राहिली. आनंदराव घरी येऊन पोटभर जेवला आणि ढाराढूर झोपला.

पुढे काळ्या कुत्र्याची पाळी आली. त्या दिवशी आनंदराव पिऊन आला होता आणि बेबीच्या हातून कंदिलाची काच फुटली होती. पण मागे पुन्हा एक कोंबडी मेलेली निघाली, आणि बेबी रोज ज्याला भाकर घालायची ते कुत्रं कुंपणापाशीच उभं होतं. आनंदराव साखळी घेऊन गेला तर ते शेपूट हलवत पुढे आलं. मरायला त्याला फार वेळ लागला.

बेबी त्या रात्री रडत झोपली. प्रेमिलाने तर ताटाला हातच लावला नाही.

"मुक्या जीवाचं पाप लागते न वं बाई?" तिने दुसऱ्या दिवशी भागीरथाबाईला विचारलं.

"लागते तर! मारणाऱ्याले लागते. तू काहून रडून राहिली?"

प्रेमिलाने पदराने तोंड पुसलं आणि बादली उचलून निघून गेली.

पण मरणं काही थांबलं नाही. महिन्याकाठी एखादी कोंबडी जायचीच. आनंदराव जाळीचा टाका न टाका तपासायचा.

"जाळी शाबूत, कडी शाबूत. आत येते कुठून हे?"

"मले काय मालूम," प्रेमिला म्हणायची.

"एक दिवस सापडन साला. जित्ता सोलतो का नाही पाहा."

उन्हाळा लागेपर्यंत खुराड्यात एकटी रंगी उरली. प्रेमिला आता तिच्याकडे बघायचंही टाळायची. बेबी मात्र तिच्या अंगावर भांड्याने पाणी ओतायची, तिच्याशी बोलत बसायची.

एक दिवस आनंदरावाला कामावरून काढून घरी बसवलं. दिवेलागणीला तो दारात आला तेव्हा त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. बेबी उंबऱ्याशी पाटीवर लिहीत होती, डावी बाजू त्याच्याकडे करून.

"बेबी, पाणी आण."

बेबीने मान वर केली नाही.

"बेबी!" त्याने कमरेचा पट्टा उपसला, एक टोक मुठीला गुंडाळलं. "बहिरी झाली का वं?"

स्वयंपाकघरातून प्रेमिलाने ते पाहिलं आणि ती मागच्या दाराने पळत सुटली. तारेचा पीळ सोडून तिने कडी काढली. ओळखीचा हात पाहून रंगी मान लांबवत पुढे आली. प्रेमिलाने तिला उचलून छातीशी घट्ट धरलं, तिच्या ओल्या पिसांवर एकदा तोंड टेकवलं. मग फटीतलं दाभण उपसून तिच्या मानेत दोनदा खुपसलं, पुसून पुन्हा फटीत खोचलं आणि जीव खाऊन ओरडली, "अजी, धावा! पुन्हा आलं!"