खिडकीतला पूल

या शहरात आल्यापासून रोज सकाळी मी खोलीच्या खिडकीतून एकच फोटो काढतो आणि गावी आईला पाठवतो. खाली नदी, तिच्यावरचा पूल, पलीकडे उंच इमारतींची रांग. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे. मी कंपनीत आहे, एवढंच तिला माहीत. फोटो बोटांनी मोठा करून ती पुलावरच्या बस मोजते, आणि एखादी कमी भरली की मलाच जाब विचारते.

मार्चपासून खिडकीसमोर नवी इमारत उठायला लागली. आधी नदी गेली, मग पूल, मग पलीकडच्या इमारती एकेक करून. मी फोटो पाठवत राहिलो. बंद करून तरी तिला काय सांगणार होतो?

आज फोटोत नुसतं काँक्रीट होतं. लगेच आईचा फोन आला.

"कोण मेला बांधतोय रे ते? त्याच्या घरी आई नाही का?"

"आहे," मी म्हटलं.



फोन ठेवला, खुंटीवरचं हेल्मेट घेतलं आणि रस्ता ओलांडला. आज बाराव्या मजल्याचा स्लॅब टाकायचा होता.