शालूची पहिली पोपटी

“मी सांगते त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आजही कुणी ठेवणार नाही,” हौसाबाई म्हणाली आणि शेकोटीजवळ सरकली. “म्हणून तर सांगते.”

पौषातली संध्याकाळ होती. खारेगावच्या खाडीवरून गार वारा येत होता. अंगणाच्या कडेला रतनने मडकं उपडं घालून, भोवती पेंढा आणि गोवऱ्या रचून जाळ केला होता. रतन म्हणजे हौसाबाईची नवी नातसून. तिची ही पहिलीच पोपटी. मडक्यात वालाच्या कोवळ्या शेंगा, ओवा, खडे मीठ आणि भांबुर्ड्याचा पाला. पाण्याचा थेंब नाही. जाळ किती वेळ ठेवायचा, ते लावणारीने ओळखायचं. मडकं उघडायचं ते एकदाच. शेंगा कच्च्या निघाल्या तर ते पुन्हा जाळात जात नसे, गावाची रीतच तशी. आळीतल्या बायका जमल्या होत्या. रतन काठी घेऊन जाळाभोवती फिरत होती.

“ही माझी सून, शालू,” हौसाबाईने शेजारी बसलेल्या बाईकडे बोट केलं. “आज हिचे केस पिकलेत. आली तेव्हा हिला पोपटी म्हणजे पोपटाची बायको वाटायची.”

बायका हसल्या. शालू उरलेल्या शेंगा निवडत होती.

शालू मुरबाडकडची, डोंगरातली. हात नाचणीच्या भाकरीला सरावलेला. तांदळाची भाकरी तव्यावर पोचायच्या आत तिच्या हातात फाटायची. हौसाबाईची थोरली जाऊ गंगुबाई, तिचा शब्द तेव्हा घरात चालायचा. तिला ही सून नकोच होती. पुतण्यासाठी, राघोसाठी, तिने स्वतःची भाची हेरून ठेवली होती. फाटलेली प्रत्येक भाकरी ती लक्षात ठेवत गेली. मग एके दिवशी साऱ्या आळीसमोर म्हणाली, “आज पोपटी ही लावील. शेंग कच्ची निघाली तर उद्या हिला होडीत घालून कल्याणच्या बंदरावर सोडा. पुढचं हिचा बाप बघेल.”

“आणि मामंजी काय म्हणाले?” रतनने विचारलं. राघो, शालूचा नवरा, तिचा सासरा.

“तो काय म्हणतो? उठला नि मिठागरावर गेला. पुरुषांना अशा वेळी मीठ फार आठवतं.”

शालूने मडकं लावलं. हौसाबाईच्या सांगण्याप्रमाणे तो जाळ पारसिकच्या डोंगराएवढा चढला. वास सुटला तो खाडी ओलांडून ठाण्याच्या कचेरीत शिरला. साहेबाने चालता खटला थांबवला आणि पिंजऱ्यातल्या चोराला विचारलं, हे काय शिजतंय? चोर होता खारेगावचा. त्याने साहेबाला पोपटीची रीत समजावली आणि घरी आला.

“सुटला?” एकीने विचारलं.

“अगं, जेवायला आला. मागून शिपाईही आला.”

इकडे गंगुबाई पोरीच्या डोक्यावर उभी. झालं का, झालं का, म्हणून तिने जीव खाल्ला. शेवटी शालूने जाळ विस्कटला, मडकं काढलं आणि सुपात ओतलं. वाफ उठली. पोरीचा चेहरा त्या वाफेत दिसेना.

“पहिली शेंग सासूची, हा मान माझा,” हौसाबाई म्हणाली. “मी सोलली. दाणा जिभेवर ठेवला नि तो विरघळला गो. त्यापुढे लोणी खडबडीत. मी तिथंच सांगितलं, ‘जाऊबाई, पोरगी कुठं जात नाही. उद्याची होडी राहू द्या.’”

“मग गंगुबाईने खाल्ली?”

“खाणारच होती. हात पुढे केला, आणि वाघ आला.”

आता शेकोटीभोवती हसू आवरेना.

“हसा. पारसिकवरून वासावर उतरला. बायका पळाल्या. त्याने सुपाची एक कड धरली, मी दुसरी. पण वाघाशी किती ओढाओढ करणार? एक शेंग ठेवली नाही मेल्याने. जाताना सूप तेवढं झटकून उंबऱ्याला टेकवून गेला. वळण चांगलं होतं त्याला. गंगुबाईच्या तोंडी शेंग लागलीच नाही, आणि जिने चाखली नाही तिने नावं कशी ठेवावी? शालू राहिली ती राहिलीच.”

रतन मात्र हसली नाही. ती जाळाकडे बघत होती. काठीचं टोक पेटलं होतं, तेही तिला कळलं नाही.

“माझ्या नाय झाल्या तशा,” ती हळूच म्हणाली, “लोण्यासारख्या, तर?”

हौसाबाई काही बोलणार, तोच शालूने निवडलेल्या शेंगा खाली ठेवल्या. ही गोष्ट ती दर थंडीत ऐकत आली होती. आजवर मध्ये बोलली नव्हती. ती उठली, रतनच्या हातातली काठी घेऊन मातीत विझवली आणि साऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“वाघ आला नव्हता गो. शेंगा कच्च्या होत्या, कडू विख. ह्या आमच्या सासूबाई सूप मांडीवर ओढून बसल्या, गंगुबाईच्या हातावर चापट मारली, आणि ‘काय गोड, काय गोड’ म्हणत शेवटच्या शेंगेपर्यंत एकट्या खात राहिल्या.”