तात्यांचे मासे

तात्यांनी चमचा पुन्हा ढकलून दिला. सूप चादरीवर सांडलं. सुनेने फडकं उचललं. नव्या घरात आल्यापासून रोज हेच चाललं होतं. भरवायला गेलं की तात्या तोंड घट्ट मिटून घेत. चालता राहिलेला तेवढा डावा हात उचलून समोरच्या फिशटँकची काच ठोठावत. आतले मासे दचकून सैरावैरा पळत.

"मासे तर डोळ्यांसमोर आहेत ना तात्या! आणखी काय हवंय?" तिचा आवाज चढलाच.

तात्यांनी मान फिरवली. अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेल्यापासून त्यांचं बोलणं म्हणजे एवढंच.

घर बदललं तेच मुळी त्यांच्यासाठी. जुनं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि लिफ्टच्या नावाने शंख. तळमजल्याचं हे घर सुनेनेच शोधलं, नवऱ्याच्या मागे लागून घ्यायला लावलं. सामान हलवताना काचेची भांडीसुद्धा तिने हमालांच्या भरवशावर सोडली, पण माशांना कुणाला हात लावू दिला नाही. टँकमधलं जुनं पाणी डब्यांत भरून घेतलं. माशांच्या पिशव्या मांडीवर घेऊन ती गाडीत बसली आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरवर डाफरली. एकही मासा दगावला नाही.

जुन्या घरी फिशटँक हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या कट्ट्यावर असे, हॉलच्या बाजूला तात्यांची खुर्ची. इथे स्वयंपाकघर वेगळं, त्याला दार. म्हणून टँक थेट तात्यांच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीला लावून ठेवला. अंथरुणातूनही दिसेल, हात पोचेल इतका जवळ. "काय थाट आहे तात्यांचा!" नवरा म्हणाला होता.

खरं सांगायचं तर तिला त्या माशांचा हेवा वाटे. तात्या कारखान्यात फोरमन होते, आणि घरीही फोरमनच. तिच्या हातच्या चहापासून दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत कशातही खोट काढायचे. झटका आल्यावर त्यांचं अंग पुसण्यापासून सगळं तिने केलं. पण समोर उभी राहिली की हा माणूस नजर खाली वळवायचा. माशांकडे मात्र दिवसचे दिवस टक लावून बसायचा.

त्या संध्याकाळी नणंदेचा फोन आला. नवऱ्याने स्पीकर लावला.

"वहिनी, किती ओढाताण करून घेशील? मी एक वृद्धाश्रम पाहून आलेय. चोवीस तास नर्स असतात. आणि हॉलमध्ये हा एवढा मोठा फिशटँक आहे. तात्या रमतील गं."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "तू म्हणशील तसं," तो म्हणाला, आणि मोकळा झाला.

तिच्या हाताला अजून सुपाचा वास येत होता. "ठेवू या," ती म्हणाली. "त्यांना मासे असले की झालं. आपण असलो काय, नसलो काय."

सोमवारी गाडी पाठवतो, असं आश्रमातून कळवलं. रात्रभर तिला नीट झोप लागली नाही.

सकाळी तात्यांच्या खोलीत पाऊल टाकलं तर फरशी ओली. टँकच्या कोपऱ्यातून पाणी झिरपत होतं. हलवाहलवीत काचेचा सांधा सुटला असावा. तिने मासे बादलीत काढले, बादली न्हाणीघरात नेऊन ठेवली आणि टँक उपसला. नवऱ्याने रिकामा टँक उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, सांध्यात सिलिकॉन भरलं आणि "वाळेपर्यंत हात लावू नका" असं बजावून तो कामावर गेला.

ती भाजी चिरत असताना काठीची टकटक ऐकू आली. तात्या भिंतीला खांदा टेकवत टेकवत दारापर्यंत आले होते. नव्या घरात प्रथमच ते आपणहून उठले होते.

"अहो तात्या, टँक गळतोय. मासे आत बादलीत आहेत. चला, दाखवते." ती त्यांना धरायला गेली. त्यांनी तिचा हात झिडकारला, टेबलाजवळची खुर्ची ओढली आणि टँकसमोर बसले.

आता काच ठोठावणार, सांधा पुन्हा उकलणार, म्हणून ती वाट बघत उभी राहिली. तात्यांचा हात मांडीवरच होता. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. सुपाची वाटी तिने त्यांच्यापुढे ठेवली, ती परत उचलावी लागणार हे धरूनच, आणि ओट्याकडे वळली.

मागून चमच्याचा आवाज आला.

तिने वळून पाहिलं. तात्या डाव्या हाताने स्वतः खात होते. थोडं हनुवटीवर ओघळत होतं, पण घास आत जात होता. नजर काचेतून पलीकडे लागलेली. ती फ्रिजपाशी गेली. नजर फ्रिजपाशी आली. ती नळापाशी आली. नजर नळापाशी. तिने एकदम त्यांच्याकडे पाहिलं, तसे तात्या चोरी पकडल्यासारखे वाटीत बघू लागले.

मग तिने पदराला हात पुसले आणि नवऱ्याला फोन लावला.

"आश्रमाला नको म्हणून कळवा."

"अगं, पण काल तूच... झालं काय?"

"तात्या जेवतायत. स्वतःच्या हाताने."

"बरं झालं. मासे बघत बसले असतील, दुसरं काय!"

तिने रिकाम्या टँककडे पाहिलं.

"अहो, मासे न्हाणीघरात आहेत."