आमदारांची तहान

गाडीतून उतरताना आमदार भास्करराव टोणप्यांनी शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. मतदारसंघातल्या सगळ्यांत कोरड्या वस्तीची तहान आमदाराच्या घशात उतरवणारा सरकारी पट्टा तिथे असायला हवा होता. कायदाच होता तसा. पण तो उन्हाळाभर त्यांच्या स्वीय सहायकाने, खरोट्यांनी, स्वतःच्या मनगटावर बांधला होता. भास्करराव नुकतेच गाडीत शहाळं पिऊन आले होते.

खडकमाळ वस्तीवरच्या म्हाताऱ्या गजराबाई गूळ-पाणी घेऊन पुढे आल्या. “घ्या साहेब. हंड्यात एवढंच उरलंय. पण आमच्यापायी तुमचा घसा सुकतोय, ते बघवत न्हाई.”

भास्कररावांनी गुळाचा खडा उचलला, तांब्याला हात लावला, तोच मागून खरोट्यांचा हात आपसूक पुढे आला. त्यांचे ओठ भेगाळले होते आणि बाही वर सरकली होती. पट्टा सगळ्या वस्तीने पाहिला.

गजराबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तांब्या खरोट्यांच्या हातात दिला, त्यांचं पिऊन होईपर्यंत थांबल्या आणि मग वळून हळू आवाजात म्हणाल्या, “गूळ खावा की, साहेब. त्यो तुमच्यासाठीच आणलाय.”

भास्कररावांना तो खडा तोंडात घालवेना, खाली टाकवेना.