महाराजांचं नेत्रशिबिर

“महाराजांनी आजवर नऊशे म्हाताऱ्यांना दृष्टी दिली. तुम्ही कुणाला साधा चष्मा तरी दिलात?” पदराला सेवेकऱ्याचा बिल्ला लावत कुमुदनं नवऱ्याला सुनावलं आणि ती डोळ्यांच्या शिबिराला निघून गेली.

मागे उरलेल्या भास्कररावांचा चहा तसाच निवला. महाराजांचं काम चांगलं होतं, हेच तर दुखणं होतं. ते भोंदू असते तर भांडता तरी आलं असतं!

तासाभरानं तेही शिबिराच्या रांगेत उभे होते. पुढच्या म्हाताऱ्याची हनुवटी हलकेच उचलून कुमुद म्हणत होती, “वर बघा हं. घाबरायचं नाही.” इतक्या मायेनं ती घरात कधी बोलली होती? भास्कररावांचा नुसता जळफळाट झाला.

त्यांची पाळी आली. सवयीनं हनुवटी उचलून तिनं उजव्या डोळ्यात थेंब टाकला आणि ती दचकली. “अहो, तुम्ही? डोळे तर ठणठणीत आहेत तुमचे! या औषधानं संध्याकाळपर्यंत धड दिसत नाही, कुणीतरी हात धरून घरी न्यावं लागतं!”

“ठाऊक आहे,” भास्करराव म्हणाले. “आता डाव्यात घाल.”